बिब्ब्याचा खटला

कोर्टाचा पट्टेवाला समन्स घेऊन कामोठ्यात आला, तेव्हा गोदूबाई गुडघाभर चिखलात उभी राहून बांध लिंपत होती. खाडीचं खारं पाणी एकदा भातात शिरलं की त्या वर्षाचं पीक गेलंच, म्हणून तिकडे बांध घरच्या म्हाताऱ्यासारखा जपतात. नवरा होडी उलटून गेल्यापासून ते काम एकट्या गोदूबाईवर येऊन पडलं होतं. पट्टेवाल्याने काठावरूनच तिला नाव विचारलं, आणि चार माणसं जमल्यावर कागद मोठ्याने वाचून दाखवला. गोदूबाईने आपली सून मालू हिच्या कमरेवर तापलेल्या कोयत्याने डाग दिला, अशी फिर्याद मालूचा भाऊ काळूराम याने पनवेलच्या कोर्टात केली होती.

गोदूबाईला आधी हसूच आलं. मग तिचं डोकं फिरलं.

“कोयता कनाला? कसला कोयता?” ती भर गावात ओरडली. “बिब्बा लावला मी तिला! मीच लावला, या हातानी!”

झालं. बाई खरं बोलली आणि फसली. बिब्बा राहिला बाजूला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर एवढंच पसरलं की गोदूबायने कबूल केलं. गावाला अर्धंच ऐकायची हौस असते, आणि उरलेलं अर्धं जुळवायला वेळही भरपूर असतो.

बाळंतिणीची कंबर धरली की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की दुखऱ्या जागी त्याची फुली काढायची, हा त्या पट्ट्यातला घरोघरचा उपाय. गोदूबाईचा हात त्यात बसलेला होता. शेजारच्या गावांतूनही बायका तिच्याकडे येत. पण बिब्बा सगळ्यांच्याच अंगाला मानवतो असं नाही. मालूला तो उतला. कमरेवर तळहाताएवढी जागा फोडांनी भरून गेली. गोदूबाईने खोबरं किसून त्याचं दूध पिळलं, ते चोळत राहिली, पोरीच्या उशाशी बसून राहिली, स्वतःला शिव्या घालत राहिली. जखम भरली पण काळा डाग मागे उरला, आणि तोच डाग आता काळूरामच्या कामी आला.

हा काळूराम नुसता मालूचा भाऊ नव्हता, गोदूबाईचा जावईही होता. दोन घरांनी साटंलोटं केलं होतं. मालू गोदूबाईच्या विठूला दिली आणि गोदूबाईची भामा काळूरामला. मान सारखा, खर्च सारखा, दोन्ही लग्नं एकाच मांडवात. ठरवताना फार गोड वाटतं हे. पण अशा सोयरिकीत एका घरात भांडं आपटलं की पोचा दुसऱ्या घरातल्या भांड्याला येतो. काळूराम भामाला मारायचा. भात करपला म्हणून मारायचा, नाही करपला तरी मारायचा. एक दिवस भामा फाटलेला ओठ घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही, आणि करंदीकर वकिलांना गाठून तिने पोटगीचा अर्ज टाकला. त्या गावांतल्या कुठल्याही बाईने आजवर असं केलं नव्हतं. काळूरामने लगोलग मालूला आणि तिच्या तान्ह्या पोराला आपल्या घरी ओढून नेलं आणि वर ही फिर्याद ठोकली. त्याला काय हवंय ते सांगायला कुणी लागत नव्हतं. भामाने अर्ज मागे घेऊन नांदायला यायचं, की लगेच मालूही परत येणार आणि खटलाही मिटणार.

कमळाकरपंत करंदीकर हे पनवेलमधले जुने वकील. आवाज बारीक, स्वभाव चिडका, पण अशिलाला खोटी आशा दाखवायचे नाहीत. गोदूबाई त्यांच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली आणि भामा तिच्यामागे.

“पहिला रस्ता राजीनाम्याचा, म्हणजे तडजोडीचा,” वकील म्हणाले. “दोघांनी मिटवायचं म्हटलं आणि कोर्टाने परवानगी दिली, तर खटला संपला.”

“आनि भामा?”

“ते तुम्हाला माहीत आहे. काळूराम फुकट मिटवणार नाही.”

“मंग तो रस्ता नको.”

“मग लढायचं. गुन्हा त्यांनी सिद्ध करायचा असतो. तुम्ही निर्दोष आहात हे तुम्ही सिद्ध करायचं नाही, हे नीट ध्यानात घ्या. मी मालूची उलटतपासणी घेईन. तुम्ही तोंड मिटून उभ्या राहा. गप्प राहिलात म्हणून कोर्ट तुम्हाला दोषी धरणार नाही.”

“पर बिब्बा मी लावलाय ना, वकीलसायेब. गप कशी ऱ्हाऊ?”

“गावात ओरडलात तेवढं पुरे झालं!” वकील खेकसले. मग जरा थांबून म्हणाले, “एक तिसरा रस्ता आहे. पूर्वी आरोपीला शपथेवर साक्ष देताच येत नव्हती. आता कायदा बदललाय. स्वतः लेखी मागणी केलीत तर पिंजऱ्यात उभं राहून आपली बाजू सांगता येते. पण मग समोरचा वकील आडवंतिडवं विचारणार आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागणार. शपथेवर खोटं बोललात तर तो आणखी एक गुन्हा. सुटलात तर खोट्या फिर्यादीबद्दल भरपाई मागता येईल, अब्रूनुकसानीचाही विचार करता येईल. पण ते सगळं नंतर. आधी सुटा.”

“आनि नाय सुटली तर?”

“तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.”

भामाने आईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

“बिब्बा लावताना तिथे आणखी कोण होतं?” वकिलांनी विचारलं.

“कोनी नाय.”

हे मात्र खोटं होतं. तिथे सत्यवती होती. सत्यवती म्हणजे मालूची आणि काळूरामची आई, गोदूबाईची विहीण. नातवाच्या पाचवीला ती आली होती, पदराच्या गाठीत बिब्बे तिनेच बांधून आणले होते, आणि गोदूबाई फुली काढत असताना लेकीचे खांदे तिनेच दाबून धरले होते. फिर्याद झाल्यावर सत्यवतीने कोळणीबरोबर निरोप धाडला होता. विहीणबाय, माझं नाव घेऊ नको, मना त्याच्याच घरात ऱ्हायचं हाय. सत्यवती विधवा होती, लेकाच्या भातावर जगत होती, आणि त्याचा हात किती लवकर उठतो ते गोदूबाईला आपल्या पोरीच्या ओठावरून कळलं होतं. तिने उलट निरोप पाठवला, नाय घेनार. आणि दिलेला शब्द ती वकिलापुढेही पाळत बसली. याला शहाणपण म्हणावं की खुळेपणा, ते ज्याचं त्याने ठरवावं. गोदूबाईने त्याचा फार विचार केला नव्हता.

तारीख जवळ आली तशी घरातली हवा बिघडली. विठू मुंबईच्या गोदीतून रजा काढून आला. बायको आणि पोर दुसऱ्याच्या घरात, आई आरोपी, बहीण माहेरी. बिचारा कोणाकडून बोलणार? येताना तो जातीच्या दोन पंचांनाच बरोबर घेऊन आला.

“गोदूबाय,” पंचांतला मोठा म्हणाला, “हात जोडून म्हन, चूक झाली. भामाला धाड. दोनी घरं जाग्यावर येतील. कोर्टाच्या पायऱ्या काय बाईमानसानी चढायच्या?”

“चूक कनाची झाली? बिब्ब्याची? मंग तुझ्या बायकोच्या टाचेवर काय हाय? तो कोनी लावला?”

पंच खाकरला. त्याच्या बायकोच्या टाचेवरची फुली गोदूबाईच्याच हातची होती, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“आय, मिटव ना,” विठू म्हणाला. “मना माझं पोर पायजे.”

गोदूबाईलाही नातू हवा होता, त्याच्या टाळूचा वास हवा होता. तेवढ्यात भामा आतून आली. हातात तिचं बोचकं होतं.

“मी जाते परत,” ती म्हणाली. “तुला शिक्षा नको. मारील मारील आनि दमंल.”

गोदूबाईने ते बोचकं हिसकावून असं भिरकावलं की दोन चोळ्या अंगणात जाऊन पडल्या. “पाय टाकून बघ तू बाहेर!” ती किंचाळली. पंच उठले. विठू खाली मान घालून चोळ्या गोळा करू लागला. त्या दिवशी त्या घरात कोणी धड जेवलं नाही.

पनवेलच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. सासूने सुनेला डाग दिला, हे ऐकायला लोक काम टाकून येतात. गोदूबाईने भामाला घरीच ठेवलं होतं, काळूरामच्या नजरेला ती पडायला नको म्हणून. आधी डॉक्टरांची साक्ष झाली. माणूस सरळ होता. जखम भाजल्यासारखी आहे, तापलेल्या वस्तूने होऊ शकते आणि अंग जाळणाऱ्या एखाद्या पदार्थानेही होऊ शकते, नक्की सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मग मालू उभी राहिली. पोर तिने सत्यवतीच्या मांडीवर दिलं होतं. भावाने पढवलेलं ती एका दमात बोलून गेली. कोयता चुलीत तापवला, मी निजलेली होते, मागून डाग दिला. करंदीकरांनी फिरवून फिरवून विचारलं, पण ती तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तिथे आणखी कोण होतं? कोनी नव्हतं. तेवढ्यात पोर रडायला लागलं आणि गोदूबाई आरोपी आहे हे विसरून त्याच्याकडे वळली. शिपायाने तिला हाताने थोपवलं. मालूने ते पाहिलं, आणि त्यानंतर तिने एकदाही डोळे वर केले नाहीत.

मधल्या सुट्टीत करंदीकर गोदूबाईला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले.

“डॉक्टरची साक्ष आपल्याला बरी पडली. आता बोलू नका. संशयाचा फायदा मिळून सुटाल.”

“संशयाचा म्हंजे? मी केलं असंल बी, नसंल बी?”

“कायद्यात सुटका ती सुटका.”

“गावात नाय ती सुटका. उद्या भामाच्या अर्जाला त्ये हेच म्हंतील ना, हिची आय सुटली पर तशीच हाय, हिचं काय ऐकता?”

करंदीकरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हणतील,” ते म्हणाले. “नक्की म्हणतील.”

“मंग घ्या माझा अंगठा. मी बोलनार.”

शपथ घेऊन गोदूबाई बोलली. बाळंतपण, कंबर, बिब्बा, फोड, खोबऱ्याचं दूध, सगळं सांगितलं. आवाज मोठा, हातवारे त्याहून मोठे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोनदा तिला हळू बोलायला सांगितलं. लोक कान देऊन ऐकत होते आणि मागच्या बाकावरच्या दोन-तीन बायका माना डोलावत होत्या. करंदीकरांच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. मग समोरचे वकील उठले.

“बिब्बा पोळतो?”

“पोळतो.”

“मालू रडली?”

“रडली.”

“हलली?”

“हलनारच की.”

“तुमच्या एका हातात सुई होती. दुसऱ्या हातात?”

“दिवा.”

“म्हणजे दोन्ही हात अडकलेले. मग हलणाऱ्या बाईला धरलं कोणी?”

हा प्रश्न येईल असं गोदूबाईच्या मनातही नव्हतं. ओसरीवर वकिलाला ‘कोनी नाय’ म्हणून सांगितलं होतं, पण इथे देवाची शपथ घेतलेली होती. करंदीकर तिच्याकडे बघत राहिले आणि काय झालंय ते त्यांना कळून चुकलं.

“धरली व्हती कोनीतरी,” ती म्हणाली.

“कोणी?”

“नाय सांगनार.”

कोर्टात कुजबुज झाली. समोरच्या वकिलांनी हात पसरून साहेबांकडे पाहिलं. असं कोणी नव्हतंच, बिब्ब्याची सगळी गोष्ट रचलेली आहे, हे त्यांना बोलूनही दाखवावं लागलं नाही.

“बाई,” मॅजिस्ट्रेट म्हणाले, “शपथ तुम्ही स्वतः मागून घेतलीत. उत्तर द्यावं लागेल. नाही दिलंत तर तुमचं बाकीचं तरी मी खरं कसं मानू?”

“सायेब, मी सबूद दिलाय.”

“कोणाला?”

गोदूबाईने कठडा घट्ट धरला. ती विठूकडे बघत होती, छपराकडे बघत होती, फक्त सत्यवती बसली होती त्या बाकाकडे बघत नव्हती. नाव नाही सांगितलं तर शिक्षा होणार, आणि एकदा आई तुरुंगात गेली की भामा बोचकं उचलून काळूरामच्या दारात जाऊन उभी राहणार. तिला अडवायला घरात कोण उरणार होतं? आणि नाव सांगितलं तर आज घरी गेल्यावर काळूराम आईला सोडणार नव्हता. एक तिची पोर, एक तिची विहीण. मारणारा हात तोच आणि घरही तेच. दोघींतली कोणती त्याच्या पुढ्यात टाकायची, एवढाच काय तो प्रश्न उरला होता. गोदूबाईला आयुष्यात पहिल्यांदा बोलता येईना. डोळ्यांतून पाणी गळू लागलं.

“शेवटचं विचारतो,” मॅजिस्ट्रेट म्हणाले. “कोणी धरलं होतं?”

“मी धरली व्हती.”

सत्यवती उठून उभी राहिली होती. पोर तिच्या खांद्यावर होतं.

“आये, बस खाली!” काळूराम ओरडला आणि बाक ओलांडून तिच्याकडे धावला. शिपायाने त्याला धरलं. सत्यवती बसली नाही.

मॅजिस्ट्रेटांनी तिला तिथल्या तिथे पिंजऱ्यात बोलावून शपथ दिली. हजर असलेल्या कोणालाही साक्षीला बोलवायचा अधिकार कोर्टाला असतो, हे समोरच्या वकिलांनाही मान्य करावं लागलं. सत्यवतीने थोडक्यात सांगितलं. “बिब्बे माझ्याच घरातले. लावा असं मीच बोलली विहीणबायला. खांदे मी दाबले. कोयता नाय, काय नाय.” मग मालूला पुन्हा उभं केलं. आईसमोर तिला खोटं बोलवेना. बिब्बाच होता म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडू लागली.

गोदूबाई निर्दोष सुटली. संशयाचा फायदा मिळून नव्हे, चक्क निर्दोष. फिर्याद खोटी आणि त्रास देण्यासाठी केलेली आहे, असं साहेबांनी निकालात लिहिलं, आणि गोदूबाईला भरपाई का देऊ नये याचं कारण काळूरामकडे मागितलं. काळूरामकडे कारण नव्हतं. बाहेर पडताना तो आईच्या अंगावर थुंकला आणि घराची पायरी चढलीस तर बघ म्हणाला. हे शंभर माणसांनी ऐकलं.

करंदीकर व्हरांड्यात गोदूबाईपाशी आले. रागावलेले होते आणि खूशही. “मला खोटं सांगितलंत! तुरुंगातच जायचं होतं का तुम्हाला?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मालूने शपथेवर खोटं सांगितलं. त्याबद्दल तिच्यावर खटला भरा, असा अर्ज आपल्याला देता येईल.”

“पोरीला नका अडकवू. ती त्याच्या घरात व्हती.”

“आणि तुमची अब्रू? दावा?”

“नको मना. भामाचा अर्ज तेवढा जोरात चालवा. आज जे झालं ते सगळं त्यात घाला.”

मालूशी मात्र ती एक शब्द बोलली नाही. विठूने पोराला घेतलं, मालूला हाताला धरून उठवलं, आणि ती दोघं मागून चालू लागली. गोदूबाईच्या मनात राग होता, आणि तो काही दिवस तसाच राहणार होता. नातू समोर असून तिने त्याला घ्यायला हात पुढे केला नाही, इतका होता. सत्यवती कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली उभी होती. जाणारी येणारी माणसं तिच्याकडे बघत होती. गोदूबाई तिच्यापाशी गेली आणि काही न विचारता तिचं मनगट धरून चालायला लागली.

कामोठ्याला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. भामा सकाळपासून दारात बसली होती. आई दिसली तशी ती धावत आली, आणि आईच्या मागे आपली सासू दिसल्यावर जागच्या जागी थांबली. ज्या घरातून जीव मुठीत धरून ती पळून आली होती, त्या घरातलं माणूस तिच्या अंगणात उभं होतं. गोदूबाईने तिला दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. भामाने पाण्याचा तांब्या आणला खरा, पण सासूच्या हातात द्यायला तिचा हात पुढे होईना.

सत्यवती तिच्याकडे बघत राहिली. दिवसभर कोर्टात जे बोलायचं राहून गेलं होतं ते आत्ता बोलली.

“भामा, तो तुला मारायचा तवा मी चुलीकडं तोंड करून बसायची. मना सगळं ऐकू यायचं. आज तुझी आय माझ्यासाठी गप बसली, मंग माझ्यानी बसवलं नाय.”

भामा रडली नाही. तांब्या तिने सासूच्या हातात दिलाच नाही. खाली बसून तिने स्वतः सत्यवतीच्या पायांवर पाणी ओतलं, आणि रस्त्याची धूळ निघेपर्यंत ओतत राहिली.